तात्यांचं क्रिएटिनिन आणि भावाचा मोबाईल

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.
मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वडील ६६ वर्षांचे, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तीन एकर द्राक्षबाग आहे. नऊ वर्षं शुगर, पाच वर्षं बीपी. यंदा ऑक्टोबरची छाटणी उरकल्यावर त्यांना फार थकवा आला म्हणून रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन १.४ आलं. गावातले डॉक्टर, ज्यांच्याकडे आम्ही पंचवीस वर्षं जातो, म्हणाले, "वयाप्रमाणे आहे. पाणी भरपूर प्या, तीन आठवड्यांनी परत बघू." पुण्याच्या भावाने मात्र रिपोर्टचे फोटो मोबाईलमधल्या एआयला टाकले. त्याने सांगितलं, किडनीचा आजार तिसऱ्या टप्प्यात आहे, किडनीच्या डॉक्टरांना तातडीने दाखवा, शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीचा डोस बदलावा लागेल. उन्हाळ्यात सांगलीच्या एका शिबिरात तात्यांना हृदयविकाराचा धोका '२० ते ३० टक्के' असा लाल चौकोनाचा कागद मिळाला होता, तोही भावाने उकरून काढला. भाऊ म्हणतो, डॉक्टर जुने झाले, पुण्याला आणा. तात्या म्हणतात, "मोबाईलला काय कळतंय माझ्या अंगातलं? डॉक्टरनं नाडी धरली की त्याला कळतंय." आई दोघांच्या मधे रडकुंडीला आली आहे. मी जुने रिपोर्ट शोधले. दोन वर्षांपूर्वी १.१ आणि गेल्या वर्षी १.२ होतं, पण तेव्हा कुणीच काही म्हणालं नव्हतं. तात्या तसे धडधाकट आहेत. वाकून वाकून कंबर धरते एवढंच, त्यावर मेडिकलमधून गोळी आणून खातात. आम्ही नक्की कुणाचं ऐकायचं?
— एक मुलगी, तासगाव तालुका

उत्तर

तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझी थोरली तुझ्याच वयाची असेल.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी तू अगदी शेवटी, जाता जाता सांगितलीस. "मेडिकलमधून गोळी आणून खातात." कसली गोळी, रोज की अधूनमधून, कधीपासून, काहीच लिहिलं नाहीस, कारण ती गोळी आजारपणात मोजायची असते असं तुला वाटलंच नाही. तात्यांनाही वाटलं नसणार. डॉक्टरांनी "काय काय औषधं चालू आहेत?" विचारलं असेल तर ते "शुगरची आणि बीपीची" एवढंच म्हणाले असतील. आपल्याकडे कंबरेची गोळी ही औषधात धरतच नाहीत. मिरजेत बत्तीस वर्षं पेशंट बघितले. छाटणीचे दिवस आले की कवठेमहांकाळ, तासगाव, पलूसकडून येणाऱ्या माणसांच्या खिशात बिडीच्या बंडलाशेजारी गोळ्यांची पट्टी असायचीच. मालकाच्याही आणि गड्याच्याही.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीची गोळी असेल तर ती किडनीला थेट लागते. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक नळी मोकळी ठेवायला शरीर काही रसायनं बनवतं. ही गोळी तीच रसायनं अडवते, म्हणून दुखणं थांबतं, पण गाळणीकडे जाणारं रक्तही कमी होतं. तरण्या, पाणी पिणाऱ्या माणसाला दोन दिवस घेऊन फारसं बिघडत नाही. साठी उलटलेल्या, शुगर असलेल्या, बीपीच्या काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्या आणि दिवसभर उन्हात घाम गाळून पाणी विसरणाऱ्या माणसाचं बिघडतं. तात्यांच्या वर्णनात हे सगळं बसतं, आणि रिपोर्ट नेमका छाटणीनंतरचा आहे.

म्हणजे ज्या एका गोष्टीने सगळा अर्थ बदलू शकतो, ती मोबाईललाही माहीत नव्हती आणि डॉक्टरांनाही. तुला माहीत होती. कुणाचं ऐकायचं याच्या आधी, त्यांना कुणी काय काय सांगितलं होतं, हे बघायला हवं.

आता मोबाईलचं. त्याने गणित बरोबर केलं, हे आधी कबूल करते. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रोज निघणारा कचरा आहे आणि किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. किडनी मंदावली की तो रक्तात साठतो. पण पैलवानाचा १.४ आणि वाळलेल्या म्हातारीचा १.४ सारखा नसतो, म्हणून वय आणि लिंग धरून एका सूत्राने किडनीचा वेग काढतात. त्याला ईजीएफआर म्हणतात. २०२१ साली सुधारलेल्या सूत्राने मीही कागदावर मांडून बघितलं. ६६ वर्षांच्या पुरुषाला १.४ ला साधारण ५५ येतो, आणि ४५ ते ५९ हा तिसऱ्या टप्प्याचा पहिला भाग आहे. इथपर्यंत भाऊ बरोबर.

चूक त्याच्या पुढच्या पावलात आहे. किडनीचा जुनाट आजार म्हणायला हा बिघाड किमान तीन महिने टिकलेला दिसावा लागतो. नावातच 'जुनाट' आहे. एका रक्ताच्या थेंबाला जुनाट म्हणता येत नाही. जुलाब झाले, ताप आला, गोळी खाल्ली, अगदी आदल्या रात्री मटणावर ताव मारला तरी आकडा वर सरकतो आणि चार दिवसांनी उतरतो. मोबाईलने एक ठिपका बघितला आणि रोगाचं नाव सांगून टाकलं. मेटफॉर्मिनचंही तेच. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की डोसचा फेरविचार करतात, ३० च्या खाली ती बंद करतात. ५५ ला डोस बदलायची घाई कशाला? भावाला सांग, तात्यांची शुगरची किंवा बीपीची एकही गोळी फोनवरून हलवायची नाही. बंद करायची आहे ती फक्त मेडिकलची गोळी, तीही आजपासून. कंबरेला दुसरं काय घ्यायचं ते डॉक्टर सांगतील.

डॉक्टरांनी "परत बघू" म्हटलं तेही बरोबर. पहिला संशयी आकडा आला की पुन्हा तपासणं ही योग्यच पद्धत आहे. पण "वयाप्रमाणे आहे" या दोन शब्दांशी मात्र माझं भांडण आहे, आणि ते भांडण मी स्वतःशीही खूप केलंय.

तू शोधलेले तीन आकडे त्याच सूत्रात घालून बघ. दोन वर्षांपूर्वी १.१, म्हणजे ७५ च्या आसपास. गेल्या वर्षी १.२, म्हणजे ६७. आत्ता ५५. पहिल्या दोन रिपोर्टवर लॅबने काही ठळक केलं नव्हतं, कारण दोन्ही आकडे छापलेल्या हद्दीच्या आत होते. लॅबचं काम तेवढंच. हद्दीबाहेर गेलं तर ते आकडा ठळक करतात. हद्दीच्या आत राहून तो कुठल्या दिशेने चाललाय हे त्या कागदावर उमटतच नाही, कारण मागचा कागद कपाटात असतो आणि त्याच्या मागचा पिशवीत. आता १.१ चं १.२ झालं हा निव्वळ लॅब-लॅबमधला फरकही असू शकतो, एवढं इकडेतिकडे होतंच. पण पुढे १.४ आला की मागच्या १.२ कडेही वेगळ्या नजरेने बघावं लागतं. वयामुळे वेग उतरतो हे खरं आहे, पण वर्षाला साधारण एखादा अंक. दोन वर्षांत वीस उतरला तर नुसतं वय कारण नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागलीय म्हणून सांगते. तीसेक वर्षांपूर्वी माझ्याच दवाखान्यात वाळव्याकडचे एक ऊसवाले गृहस्थ यायचे. शुगर होती. वर्षातून एकदा रक्ताचा कागद घेऊन यायचे, मी तो उजेडाकडे धरून वाचायचे, "नॉर्मल आहे हो" म्हणायचे आणि कागद त्यांना परत द्यायचे. सहा वर्षं. सातव्या वर्षी पायाला सूज घेऊन आले. आमच्या कंपाउंडरने त्यांची नायलॉनची पिशवी टेबलावर पालथी केली आणि सवयीने सगळे कागद तारखेप्रमाणे लावले. ०.९, १.०, १.०, १.२, १.३, १.३ आणि शेवटचा २.१. सहा वेळा मीच बघितले होते ते. एकेक करून. त्या माणसाला चार वर्षांनी डायलिसिस लागलं. मी आधी ओळखलं असतं तर टळलं असतं असं छातीठोकपणे म्हणत नाही, पण बीपीकडे, लघवीकडे, त्यांच्या गोळ्यांकडे मी काही वर्षं आधी लक्ष दिलं असतं. त्या दिवसापासून दवाखान्यात प्रत्येक शुगरवाल्याचं एक कार्ड केलं, आणि कंपाउंडरला आकडे भरायचे जास्तीचे पैसे दिले.

तेव्हा "डॉक्टर जुने झाले" असं भावाने म्हणू नये. पंचवीस वर्षं ओळखणाऱ्या डॉक्टरांकडे असं बरंच काही असतं जे फोटोत येत नाही. पण दिवसाला साठ-सत्तर पेशंट बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात तुझ्या वडिलांचा दोन वर्षांपूर्वीचा १.१ राहावा, ही अपेक्षा चूक आहे. तो त्यांच्यासमोर ठेवला तर दिसेल. आणि तात्यांना सांग, नाडी धरून मला एकदाही क्रिएटिनिन कळलं नाही. किडनी फार सोशीक असते, बरीच खराब होईपर्यंत तोंडातून हूं की चूं काढत नाही.

कॉम्प्युटर की डॉक्टर, हे भांडण तुमच्या ओसरीवर आत्ता आलं. इंग्लंडात लीड्स शहरात ते पन्नास वर्षांपूर्वी होऊन गेलं. डी डोंबल नावाच्या डॉक्टरांनी अचानक पोट दुखून आलेल्या ३०४ रुग्णांची माहिती कॉम्प्युटरला दिली आणि निदान विचारलं. १९७२ साली आकडे छापून आले. कॉम्प्युटरचं निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर, तिथल्या सर्वांत अनुभवी डॉक्टरांचं ७९.६ टक्के. भावाला हे सांगितलंस तर तो खूश होईल. पण मग पुढचंही सांग. त्या कॉम्प्युटरला पोट चाचपता येत नव्हतं. दुखणं कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, हालचालीने वाढतं का, पूर्वी असं झालं होतं का, हे ठरलेले प्रश्न माणसांनीच खाटेशेजारी बसून विचारले होते आणि लिहून घेतले होते. पुढे हाच प्रयोग ब्रिटनमधल्या आठ रुग्णालयांत सोळा हजारांवर रुग्णांवर झाला आणि १९८६ मध्ये छापला गेला. तिथे डॉक्टरांचं स्वतःचं पहिलं निदान ४५.६ टक्क्यांवरून ६५.३ टक्क्यांवर गेलं. त्यात यंत्राइतकाच, मला तर वाटतं जास्तच, वाटा त्या ठरलेल्या फॉर्मचा होता. सगळे प्रश्न दरवेळी विचारायचे, उत्तर लिहायचं, आणि आपलं निदान शेवटी खरं ठरलं का ते नंतर तपासायचं. हे एवढं केलं तरी माणूस सुधारतो.

उलटी बाजूही आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात एक यंत्रणा होती. रक्तात जंतुसंसर्ग पसरून अवयव निकामी व्हायला लागतात, त्याला सेप्सिस म्हणतात. तो येण्याआधी ही यंत्रणा इशारा देणार होती. २०२१ साली तिथल्याच संशोधकांनी तिचा हिशेब मांडला. ज्यांना सेप्सिस झाला त्यांतले दोन तृतीयांश तिच्या नजरेतून सुटले होते, आणि तरीही दाखल झालेल्या दर शंभरांत अठरा जणांवर ती घंटा वाजवत होती. खोट्या घंटांचं काय होतं ते मला माहीत आहे. मी काही काळ एका अतिदक्षता विभागात जायचे. रात्रपाळीच्या सिस्टरांनी मॉनिटरच्या स्पीकरवर कापूस लावून वर चिकटपट्टी मारली होती. मी रागावले तर एक सिस्टर शांतपणे म्हणाली, "मॅडम, हा दर दोन मिनिटांनी ओरडतो. पेशंट कूस बदलला तरी ओरडतो." मी काय बोलणार?

तात्यांना हे सगळं पटवायला लीड्स-मिशिगन नको, त्यांच्या बागेतलीच गोष्ट काढ. तुमच्याकडे हवामानाचं यंत्र असेल किंवा शेजाऱ्याकडे तरी असेलच. पानं किती तास ओली राहिली, आर्द्रता किती, तापमान किती, यावरून मोबाईलवर निरोप येतो की दावण्या रोगाचा धोका वाढलाय. तात्या तो निरोप बघून थेट पंप चालू करतात का? आणि "मोबाईलला काय कळतंय" म्हणून झोपून राहतात का? दोन्ही करत नाहीत. बागेत जातात, पान उलटं करून खालच्या बाजूला पांढरी बुरशी धरलीय का बघतात, मग ठरवतात. मोबाईलने सांगितलं नसतं तर कदाचित त्या दिवशी गेले नसते. किडनीच्या बाबतीत मोबाईलने त्यांना बागेत जायला सांगितलंय. पान अजून कुणी उलटून बघितलेलं नाही.

ते पान म्हणजे लघवी. तुझ्या पत्रात शुगर आहे, बीपी आहे, क्रिएटिनिन आहे, लघवीतल्या अल्ब्युमिनचा उल्लेखच नाही. शुगरवाल्यांनी वर्षातून एकदा करायची ही तपासणी आहे. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो म्हणून लॅबमध्ये मागायची. गाळणी फाटायला लागली की अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत गळतं, कित्येकदा क्रिएटिनिन वाढायच्या बरंच आधी. आकडा ३० च्या आत असेल तर गोळी आणि पाण्याची गडबड असण्याची शक्यता वाढते, वर असेल तर शुगर-बीपीने किडनीला खरोखर हात घातलाय अशी शंका घ्यायची आणि ती तपासणीही पुन्हा करून खात्री करायची. मोबाईलने एवढं पान-पान भर सांगितलं, त्यात ही एक ओळ होती का ते भावाला विचार. असेलही. ती वाचली गेली नसेल, कारण "तिसरा टप्पा" वाचल्यावर पुढचं कुणी वाचत नाही.

आता वही. द्राक्षवाल्याच्या घरात नोंदी कशा ठेवायच्या हे मी शिकवणं म्हणजे गंमतच आहे. तात्यांच्या फवारणीच्या वहीत छाटणीची तारीख, त्यानंतरचा कितवा दिवस, कुठलं औषध, लिटरला किती, सगळं असणार. निर्यातीच्या बागेला तर ती वही लागतेच. तशीच एक दोनशे पानी वही तात्यांच्या अंगाची कर. एका पानावर उभे रकाने: तारीख, वजन, बीपी, उपाशीपोटीची शुगर, एचबीएवनसी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, लघवीचं अल्ब्युमिन, आणि शेवटचा रकाना चांगला रुंद ठेव. त्यात त्या आठवड्यात नवीन काय झालं ते लिहायचं. जुलाब, ताप, लग्नातलं जेवण, मेडिकलची गोळी, कुणी दिलेलं भस्म किंवा चूर्ण. कॉम्प्युटरला आणि डॉक्टरला जे कधीच मिळत नाही ते याच रकान्यात असतं.

हिमोग्लोबिन कशाला, असं विचारशील. एचबीएवनसी हा तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा लाल पेशींवरून काढतात आणि लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. लोह कमी पडून पांढुरकी आलेल्या माणसात तो आकडा खोटाच चढू शकतो, आणि नुकतंच रक्त चढवलेल्या माणसात त्याच्यावर विसंबता येत नाही. किडनी मंदावली की हिमोग्लोबिनही उतरतं, त्यामुळे हे रकाने एकमेकांचे शेजारी आहेत. बीपी घेताना पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसवायचं. बागेतून आल्या आल्या पट्टा गुंडाळलास तर तो आकडा वहीत चढवू नकोस. आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये जायचं. क्रिएटिनिन मोजायच्या पद्धती दोन-तीन आहेत, लॅब बदलली की आकडा दशांशाने हलतो आणि आपण उगाच घाबरतो, किंवा उगाच निर्धास्त होतो.

मधले काही रिपोर्ट हरवले असतील तर लॅबकडे माग, बहुतेकांच्या कॉम्प्युटरात असतात. तात्या कधी दवाखान्यात दाखल झाले असतील तर तिथले कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची असतात. हे भांडत सांगायचं नाही, अर्ज देऊन पोच घ्यायची. सगळे आकडे आले की आलेख कागदावर ठिपके काढ आणि जोड. तू मुलांना हेच शिकवतेस. तो एक कागद डॉक्टरांपुढे ठेवलास की पिशवी उपसायची गरज राहणार नाही.

शिबिरातल्या लाल चौकोनाचं आता. '२० ते ३० टक्के' याचा अर्थ तात्यांचं हृदय पाव भाग बिघडलंय असा नाही. तात्यांसारखे, म्हणजे त्या वयाचे, शुगरचे, तेवढ्या बीपी-कोलेस्टेरॉलचे शंभर पुरुष घेतले तर पुढच्या दहा वर्षांत त्यांतल्या वीस ते तीस जणांना हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होईल, एवढंच तो सांगतो. त्या शंभरांत तात्या कुठे उभे आहेत हे त्याला माहीत नाही. असे हिशेब सुरू झाले ते अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात. १९४८ पासून तिथल्या ५,२०९ माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. पण फ्रॅमिंगहॅमचा गोरा माणूस आणि तासगावचा द्राक्षवाला यांचं काळीज एकाच मापाने मोजावं का, हा प्रश्न राहतोच. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगाचे २१ भाग पाडून वेगवेगळे तक्ते केले, त्यात दक्षिण आशियाचा वेगळा आहे. तुमच्या शिबिरात बहुधा तोच लाल चौकोन असणार. त्यात तंबाखू ओढता का एवढंच विचारतात, मळता का ते विचारत नाहीत. तात्यांच्या कमरेला चंची आहे का ते मला माहीत नाही, पण असली तर तो चौकोन त्यांच्याशी थोडा सौम्यच वागलाय. चौकोनातलं वय काही खाली आणता येत नाही. बीपी आणि कोलेस्टेरॉल आणता येतं. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायची का, हा प्रश्न त्या कागदावरून डॉक्टरांना जरूर विचार. शुगर आणि साठी दोन्ही असली की बहुतेक वेळा उत्तर हो असतं.

भावाने आणखी एक काम करावं. फोटो टाकताना नाव, मोबाईल नंबर आणि लॅबचा बारकोड झाकावा. ते ॲप फोटोचं पुढे काय करतं हे त्यालाही ठाऊक नाही. आयुष्मान भारतचा १४ आकडी आभा नंबर काढून रिपोर्ट तिथे जोडता येतात आणि तुमच्या संमतीशिवाय ते दुसऱ्या डॉक्टरला दिसत नाहीत, म्हणून फोटोंपेक्षा तो मार्ग बरा. तरी वही सोडू नकोस. शेवटचा रुंद रकाना आभात नाही.

भावाला लांबून काळजी वाटते आणि काळजीचं तो मोबाईल करतो. दुसरं तो काय करणार? त्याला काम दे. वहीतले आकडे तू दर महिन्याला पाठव आणि आलेख त्याला काढू दे. एआयला प्रश्नही विचारू दे, पण प्रश्न बदलायला सांग. "तात्यांना काय झालंय?" असं नाही, "हे तीन आकडे, या गोळ्या, असं काम, तर डॉक्टरांना काय काय विचारावं?" असं. त्या कामात ही यंत्रं खरंच बरी आहेत. त्यातून आलेले दोन-तीन प्रश्न कागदावर लिहून ने. डॉक्टरांसमोर मोबाईल धरू नकोस. पंचवीस वर्षांच्या माणसापुढे स्क्रीन नाचवली की तो उत्तर स्क्रीनला देतो, तुला नाही.

तर याच आठवड्यात तात्यांना घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे जा. गोळी लपवायची नाही. रिकाम्या पट्ट्या आईच्या कचऱ्यात सापडतील, त्या पिशवीत घालून ने, नाव वाचता येईल एवढा तुकडा पुरे. म्हण, "डॉक्टर, हे तीन वर्षांचे आकडे, ही कंबरेची गोळी ते खात होते, आता बंद केलीय. लघवीचं अल्ब्युमिन कधी केलं नाही." यापुढचं तेच बोलतील. बहुधा आठ-दहा दिवसांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत करतील, मग तीन महिन्यांनी पुन्हा. परतच्या रिपोर्टात आकडा उतरला तर पुण्याची गाडी काढायची गरज नाही. तिथेच राहिला, वर गेला, किंवा लघवीत अल्ब्युमिन बरंच सापडलं, तर किडनीच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागून घे. त्यासाठीही पुणं कशाला, सांगली-मिरजेत ते आहेत. मधल्या काळात लघवी कमी झाली, तोंडावर-पायावर सूज आली, धाप लागली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर वही-आलेख काही बघायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि लघवीची बाटली सकाळच्या पहिल्या लघवीची ने. तात्या पहाटे उठून आधी बागेत जातात, म्हणून रात्रीच त्यांच्या चपलांशेजारी ठेव.